वजन कमी करायला आलेल्या नवशिक्याला व्हे प्रोटीनचा डबा लागतो का? सहा महिन्यांच्या अनुभवानंतरचे परीक्षण

जिममध्ये नाव नोंदवले त्याच दिवशी, अजून एकाही यंत्राला हात लावला नव्हता तेव्हा, ट्रेनरने वजनकाट्यावरचा ७८ किलोचा आकडा वहीत उतरवून घेतला आणि म्हणाला, "मॅडम, वजन उतरवायचंय ना, मग प्रोटीन आजपासूनच सुरू करा. नुसता घाम गाळून काही होत नाही." त्याच्या बोलण्यात फसवणूक नव्हती, त्याला स्वतःला ते खरेच वाटत होते. मात्र तेरा किलो वजन कमी करायला आलेल्या आणि व्यायामाचा काडीचाही अनुभव नसलेल्या माझ्यासारख्या बाईला त्या एका वाक्याने थेट दुकानात नेऊन सोडले, आणि पुढचे तीन आठवडे मी अगदी उलट दिशेने चालत राहिले. त्यानंतरच्या सहा महिन्यांत मी पावडरशिवाय तीन महिने आणि पावडरसह तीन महिने असे दोन्ही अनुभव घेतले, रोजचे खाणे मोजले, डब्यांवरची छापील माहिती वाचायला शिकले आणि या विषयावर जे संशोधन झाले आहे ते समजून घेण्याचा मनापासून प्रयत्न केला. व्हे प्रोटीन, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर, वापरण्यासारखी वस्तू आहे, पण वजन कमी करण्यासाठी नवशिक्याला तिची गरज नाही, या मतावर मी आता आले आहे. त्यामागची कारणे सविस्तर मांडते, कारण जिमच्या पहिल्या आठवड्यात ती कोणीतरी मला सांगायला हवी होती.

आधी त्या तीन आठवड्यांविषयी. दुकानदाराने मला काय हवे ते विचारले, मी "जिमवाले प्रोटीन" एवढेच म्हणाले, आणि त्याने सर्वांत मोठा डबा काढून समोर ठेवला. तो गेनरचा होता. गेनर म्हणजे वजन वाढवण्यासाठी बनवलेले मिश्रण. त्यात बहुतांश भाग माल्टोडेक्स्ट्रिन या पटकन पचणाऱ्या कर्बोदकाचा असतो आणि प्रथिने त्या मानाने थोडी असतात. माझ्या डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिले होते की १०० ग्रॅम पावडरीत १५ ग्रॅम प्रथिने, ७८ ग्रॅम कर्बोदके आणि एकूण सुमारे ३८० कॅलरी आहेत. डब्यावर सांगितल्याप्रमाणे मी दिवसातून दोनदा ती पावडर घेत होते, म्हणजे रोजच्या जेवणावर ७६० कॅलरींची भर घालत होते, आणि त्यातून प्रथिने मिळत होती अवघी ३० ग्रॅम. तीन आठवड्यांनी काटा ८० किलोवर गेला. ट्रेनरने डबा पाहिला तेव्हा तोही ओशाळला. त्याने "प्रोटीन घ्या" म्हटले होते, पण कोणते आणि किती, हे सांगितले नव्हते. दुकानदाराला मी दोष देणार नाही. मी वजन कमी करायचे आहे हे त्याला सांगितलेच नव्हते. नवशिक्याने डब्याच्या पुढच्या बाजूवरील स्नायूंचे चित्र न पाहता मागच्या बाजूचा तक्ता आधी वाचावा, हे मात्र मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते.

तो तक्ता वाचणे अवघड नाही. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या एका ग्रॅममध्ये चार कॅलरी असतात, तर स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममध्ये नऊ. नंतर मी जे व्हे घेतले त्याच्या ३३ ग्रॅमच्या एका स्कूपमध्ये, म्हणजे डब्यातल्या मोजचमच्यात, २४ ग्रॅम प्रथिने, ३ ग्रॅम कर्बोदके आणि दीड ग्रॅम स्निग्धांश होता. हिशेब केला की ९६, १२ आणि साडेतेरा मिळून सुमारे १२१ कॅलरी होतात, आणि स्कूपच्या वजनाशी प्रथिनांचे प्रमाण जवळपास ७३ टक्के येते. हे प्रमाण काढण्याची सवय लावून घ्यावी. एका स्कूपमध्ये ३० ग्रॅम प्रथिने असल्याचे ठळक अक्षरांत लिहिलेले असते, पण तो स्कूपच ६० ग्रॅमचा निघाला तर त्यातला निम्मा भाग प्रथिनांव्यतिरिक्त दुसऱ्याच कशाचा तरी असतो.

व्हे म्हणजे काय, हेही पुष्कळ नवशिक्यांना ठाऊक नसते, आणि त्यामुळे एकीकडे अवाजवी आशा तर दुसरीकडे अवाजवी भीती निर्माण होते. चीज बनवताना दूध फाटून घट्ट भाग वेगळा झाला की जे पातळ पाणी उरते, त्यातली प्रथिने गाळून, सुकवून ही पावडर तयार करतात. दुधातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे असते. गाळण्याच्या प्रक्रियेनुसार कॉन्सन्ट्रेट आणि आयसोलेट असे प्रकार पडतात. कॉन्सन्ट्रेटमध्ये साधारणपणे ८० टक्क्यांपर्यंत आणि आयसोलेटमध्ये ९० टक्के किंवा त्याहून अधिक प्रथिने असतात, आणि आयसोलेटमध्ये दुग्धशर्करा फारच थोडी उरते. ही पावडर म्हणजे स्टेरॉइड नव्हे आणि औषधही नव्हे. माझ्या आईने डबा पाहिल्याबरोबर "हे इंजेक्शनवाल्यांचं काही आणलंस का?" असे विचारले होते, आणि तिची काळजी समजण्यासारखी होती. तिला मी एवढेच सांगितले की आई, हे दुधातलेच आहे, फक्त त्यातले पाणी, साखर आणि साय बाजूला काढलेली आहे.

ही वस्तू मूलतः अन्नच असेल, तर ती खाल्ल्याने वजन कमी कसे होणार? ते होत नाहीच. शरीर दिवसभरात जितकी ऊर्जा खर्च करते त्यापेक्षा कमी ऊर्जा अन्नातून मिळाली, तरच साठलेली चरबी वापरली जाते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, असा ढोबळ हिशेब आहारतज्ज्ञ धरतात. रोज ५०० कॅलरींची तूट राखली तर दोन आठवड्यांत एक किलोच्या आसपास चरबी घटावी. प्रत्यक्षात शरीर इतक्या सरळ हिशेबाने चालत नाही, पण दिशा हीच असते. व्हेचा स्कूप पाण्यात घेतला तर १२० कॅलरींची भर पडते, आणि २५० मिलिलिटर साय न काढलेल्या दुधात घेतला तर आणखी दीडशे कॅलरींची. ही भर कशाच्या तरी जागी येत असेल तर ठीक. पण नेहमीचे सगळे जेवण तसेच ठेवून वरून शेक प्यायला, तर घाम गाळून मिळवलेली तूट शेकरमधूनच भरून निघते. आमच्या जिममध्ये हे मी रोज पाहते. चाळीस मिनिटे ट्रेडमिलवर चालून आलेली व्यक्ती दूध, केळे, व्हे आणि मध असा भरगच्च शेक पिते आणि महिनाअखेर काटा हलला नाही म्हणून हिरमुसते.

तरीही वजन कमी करताना प्रथिनांना महत्त्व आहे, आणि ते मी मुळीच नाकारत नाही. कमी खाऊन वजन उतरते तेव्हा उतरलेल्या वजनात केवळ चरबी नसते; व्यायाम आणि पुरेशी प्रथिने नसतील तर त्यातला साधारण पाव हिस्सा चरबीव्यतिरिक्तच्या ऊतींचा, म्हणजे स्नायूंचा आणि त्यांच्यातल्या पाण्याचा असतो. वजन उचलण्याचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने मिळून ही हानी रोखतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात झालेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत नेहमी सांगितला जातो. जादा वजनाच्या ४० तरुणांना चार आठवडे त्यांच्या गरजेपेक्षा ४० टक्के कमी ऊर्जा दिली आणि आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम करवला. ज्या गटाला शरीराच्या दर किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिने मिळाली त्याची चरबी सरासरी ४.८ किलोने घटली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढले, १.२ ग्रॅमवाल्या गटाची चरबी ३.५ किलोने घटली आणि चरबीविरहित वजन जवळपास तेवढेच राहिले.

पावडर विकणारे यातला पहिला गट दाखवतात. मला नवशिक्यांच्या दृष्टीने दुसरा गट अधिक महत्त्वाचा वाटतो. निम्मीच प्रथिने मिळूनही त्या तरुणांनी महिन्याभरात साडेतीन किलो चरबी घालवली आणि स्नायू गमावले नाहीत, कारण खाण्यातली तूट आणि व्यायाम या दोन्ही गोष्टी जागेवर होत्या. शिवाय सहा दिवसांचा तो कडक कार्यक्रम देखरेखीखाली झालेला होता. आठवड्यातून तीन दिवस, तेही वजने न लावलेला नुसता दांडा खांद्यावर घेऊन बैठका (स्क्वॉट) शिकणाऱ्या माणसाने त्या आकड्यांची अपेक्षा धरू नये.

प्रथिनांचा दुसरा उपयोग भुकेशी निगडित आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १९ जणांच्या आहारातला प्रथिनांचा वाटा एकूण ऊर्जेच्या १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेला आणि नंतर त्यांना हवे तेवढे खाण्याची मोकळीक दिली. कोणी हात धरला नसताना त्यांचे खाणे दिवसाला सरासरी ४४१ कॅलरींनी कमी झाले आणि बारा आठवड्यांत वजन सरासरी ४.९ किलोने उतरले. प्रथिने पचवण्यातच त्यांच्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के खर्च होतात, कर्बोदकांच्या बाबतीत हा खर्च ५ ते १० टक्के आणि स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत असतो, हीही जमेची बाजू आहे. पण हे सारे गुण प्रथिनांचे आहेत, पावडरीचे नव्हेत. माझा अनुभव तर असा की सकाळी दोन अंडी खाल्ली की दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नाही, आणि तितक्याच, किंबहुना अधिक प्रथिनांचा शेक पाण्यात मिसळून प्यायला की दीड-दोन तासांत पोटात कालवाकालव सुरू होते. पातळ पदार्थ चावून खाल्लेल्या पदार्थांइतका वेळ तृप्ती देत नाहीत, ही गोष्ट सर्वसाधारणपणेही दिसून आलेली आहे. वजन कमी करणाऱ्याला भूक हाच सर्वांत मोठा अडसर असल्यामुळे हा फरक मी या वस्तूतली मोठी उणीव मानते.

मग किती प्रथिने हवीत? निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी शरीराच्या दर किलोमागे रोज ०.८ ग्रॅम ही शिफारस फार काळापासून सर्वत्र सांगितली जाते. ही शिफारस प्रथिनांची उणीव पडू नये एवढ्यासाठीची आहे. नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडा-पोषणातले तज्ज्ञ यापेक्षा बरेच अधिक, १.४ ते २ ग्रॅम इतके प्रमाण सुचवतात. २०१८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ४९ अभ्यासांतील १,८६३ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा १.६ ग्रॅमच्या आसपास पोचल्यानंतर आणखी प्रथिने घेतल्याने स्नायूवाढीत भर पडताना दिसली नाही. त्याच तपासणीतली आणखी एक गोष्ट जिममध्ये कोणी सांगत नाही: पूरक प्रथिनांमुळे चरबीविरहित वजनात पडलेली सरासरी भर केवळ ०.३ किलोची होती, आणि हा लाभ आधीपासून व्यायाम करणाऱ्यांना अधिक मिळाला. नवख्या शरीराला व्यायामाचा धक्काच इतका नवा असतो की पहिल्या काही महिन्यांतली प्रगती प्रामुख्याने त्या धक्क्यामुळे होते. म्हणजे ज्याला डबा सर्वांत आधी विकला जातो, त्यालाच त्याचा उपयोग सर्वांत कमी असतो.

वजन जास्त असलेल्यांनी हा हिशेब सध्याच्या वजनावर करू नये, कारण चरबीच्या प्रत्येक किलोला प्रथिने लागत नाहीत. गाठायच्या वजनावर केला तर आकडा आवाक्यात येतो. माझे लक्ष्य ६५ किलो होते. दर किलोमागे १.२ ग्रॅम धरले तर ७८ ग्रॅम, आणि १.६ धरले तर १०४ ग्रॅम. गेनरचा डबा बंद केल्यावर मी स्वयंपाकघरात लहानसा वजनकाटा आणला आणि दोन आठवडे तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट मोजून वहीत लिहिली. कंटाळवाणे काम होते, पण या संपूर्ण प्रवासात सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू तो काटाच ठरला. सरासरी निघाली दिवसाला ५२ ग्रॅम, आणि त्यातही सकाळच्या न्याहारीत जेमतेम सहा ग्रॅम, कारण न्याहारी म्हणजे चहा आणि बिस्किटे. उणीव होती, ती अगदी नेमकी कुठे होती हेही कळले. बिस्किटांच्या जागी दोन अंडी आणि पेलाभर दूध आले, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. रात्रीच्या जेवणात भाताचा एक वाढा कमी करून दीडशे ग्रॅम शिजलेली डाळ वाढवली, म्हणजे आणखी १३ ग्रॅम. बेरीज ७९ वर पोचली. १.२ ग्रॅमचे लक्ष्य एकही स्कूप न घेता गाठले गेले, आणि एकूण कॅलरीही वाढल्या नाहीत, कारण त्यांच्यासाठी दुसरे काहीतरी ताटातून उठले होते.

या पद्धतीने पहिले तीन महिने गेले. आठवड्यातून तीन दिवस वजनांचा व्यायाम, उरलेल्या दिवशी चालणे. वजन ८० वरून ७५ वर आले. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे काटा जागचा हलला नव्हता आणि मी जवळजवळ धीर सोडला होता. नव्याने व्यायाम सुरू केला की दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात, आणि स्नायूंत साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे कर्बोदकांच्या साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. याच काळात बहुतेक जण पावडर सुरू करतात. मग चौथ्या आठवड्यात पाणी उतरून काटा खाली आला की त्याचे श्रेय पावडरीला मिळते. कंबरेचा घेर मोजपट्टीने आठवड्यातून एकदा मोजत राहावा. माझा काटा स्थिर असतानाही पट्टी खाली येत होती, आणि त्यानेच मला तगवले.

चौथ्या महिन्यापासून मी व्हे घेऊ लागले, कारण कामाची वेळ बदलली आणि जिममधून थेट कामावर जावे लागे; अंडी उकडून खायला ना वेळ होता ना जागा. रोज एक स्कूप, पाण्यात. बेरीज १०३ ग्रॅमवर गेली. या तीन महिन्यांत वजन ७५ वरून ७१.५ झाले. आधीच्या तीन महिन्यांत पाच किलो आणि पावडरसह साडेतीन, यावरून पावडरीने वेग मंदावला असे मी म्हणणार नाही. वजन जसे कमी होत जाते तसा उतरण्याचा वेग आपोआपच कमी होतो, आणि एका व्यक्तीचा अनुभव हा पुरावा नसतो. पण वेग वाढला नाही, हे तर उघडच आहे. उचलायची वजने मात्र दोन्ही टप्प्यांत सारख्याच गतीने वाढत राहिली.

वस्तू म्हणून तिचे वागणे कसे होते, तेही सांगायला हवे. पहिल्या दिवशी मी शेकरमध्ये आधी पावडर आणि मग पाणी टाकले, तर तळाशी घट्ट लगदा बसला आणि झाकण उघडल्यावर वर फेसाचा जाड थर आला, खाली गुठळ्या. आधी गार पाणी, मग पावडर, मग जाळी किंवा स्प्रिंगचा गोळा, आणि वीस-पंचवीस सेकंद हलवणे, हा क्रम ठेवला की ती छान विरघळते; त्यासाठीच बहुतेक पावडरींत लेसिथिन घातलेले असते. गरम पाण्यात ती फाटते. चॉकलेटची चव पहिल्या आठवड्यात आवडली, महिनाभराने त्यातल्या कृत्रिम गोडव्याची किळस येऊ लागली. घशात बराच वेळ रेंगाळणारा तो गोडवा सुक्रालोजचा असतो. शेकर वापरल्याबरोबर धुवावा. एकदा तो मी झाकण लावून दिवसभर पिशवीत विसरले, आणि संध्याकाळी उघडल्यावर आलेला सडक्या दुधाचा भपका धुऊनही चार दिवस गेला नाही.

कॉन्सन्ट्रेटने मला पोट फुगण्याचा त्रास झाला. दुधाने ज्यांना असा त्रास होतो त्यांनी आयसोलेट घ्यावे किंवा सोया, वाटाणा यांपासून बनवलेली वनस्पतिजन्य पावडर घ्यावी. मी आयसोलेट घेतल्यावर तो त्रास थांबला. व्यायाम संपल्यापासून अर्ध्या तासात शेक घेतलाच पाहिजे, हा ट्रेनरचा आग्रह मी सुरुवातीला धर्माप्रमाणे पाळला. २०१३ साली या प्रश्नावरचे उपलब्ध प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा दिवसभरातल्या एकूण प्रथिनांचा फरक जमेस धरल्यावर वेळेचा वेगळा असा लाभ उरला नाही. त्यामुळे घाईघाईत कपडे बदलायच्या खोलीत उभ्याने शेक पिण्याची काहीही गरज नाही. व्हेबरोबर बीसीएए आणि फॅट बर्नर यांचेही डबे पुढे केले जातात. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात; बीसीएएमध्ये नऊ आवश्यक अमिनो आम्लांपैकी तीनच असतात आणि ती तिन्ही व्हेमध्ये आधीपासूनच आहेत. चरबी जाळण्याचा दावा करणाऱ्या फॅट बर्नरपासून तर दूरच राहावे.

शुद्धतेचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. पावडरीतली प्रथिने थेट मोजली जात नाहीत. बहुतेक वेळा नायट्रोजन मोजतात आणि त्याला ठरावीक अंकाने, सर्वसाधारण अन्नासाठी ६.२५ ने, गुणतात. ही पद्धत योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली दिली. तिची मर्यादा अशी की नायट्रोजन कुठून आला हे तिला कळत नाही. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन मिसळल्याचे उघडकीस आले, तेव्हा याच फटीचा फायदा घेतला गेला होता. पाणी घातलेले दूध चाचणीत प्रथिनयुक्त दिसावे म्हणून नायट्रोजनने भरलेले ते रसायन त्यात टाकले गेले आणि लाखो बालके आजारी पडली. पावडरीच्या धंद्यात याच मार्गाने ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त द्रव्ये मिसळून आकडा फुगवता येतो. ती विषारी नसतात, पण ज्या प्रथिनासाठी आपण पैसे मोजतो ते त्यात नसते. घटकांच्या यादीत ही नावे वेगळी लिहिलेली दिसली तर तो डबा परत ठेवावा. अमिनो आम्लांचा तक्ता दिलेला असेल तर ल्युसिन पाहावे: २४ ग्रॅम व्हे प्रथिनांत ते अडीच ग्रॅमच्या आसपास असायला हवे. 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' किंवा 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' यांसारखे त्रयस्थ तपासणीचे चिन्ह असेल तर उत्तेजक द्रव्यांची तपासणी झालेली आहे एवढा तरी भरवसा मिळतो. वनस्पतिजन्य आणि चॉकलेटच्या चवीच्या पावडरींत शिसे, कॅडमियम अशा जड धातूंचा अंश अधिक आढळल्याचे अनेक तपासण्यांत दिसून आले आहे. झाडे असे धातू जमिनीतून शोषून घेतात, आणि कोकोत शिसे काढणीनंतरच्या धुळीतूनही येते. या कारणाने मी आता साधी किंवा व्हॅनिलाची चव घेते.

मूत्रपिंडांविषयीची भीती मी डॉक्टरांपुढेही मांडली. निरोगी मूत्रपिंडांना या प्रमाणातल्या प्रथिनांनी इजा होते असे दिसून आलेले नाही. मात्र ज्यांची मूत्रपिंडे आधीच अशक्त आहेत त्यांना प्रथिने बेताची ठेवावी लागतात, आणि असा आजार बराच काळ कोणतेही लक्षण न दाखवता असू शकतो. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी डबा उघडण्यापूर्वी रक्तातल्या क्रिएटिनिनची आणि लघवीची तपासणी करून घ्यावी, असे मला अगदी कळकळीने सांगावेसे वाटते. गरोदर स्त्रिया आणि वाढत्या वयातली मुले यांनी तर जिमच्या सल्ल्यावर काहीच सुरू करू नये. व्हे घेतल्याने बायकांचे दंड पुरुषांसारखे होतात, ही समजूतही मी जिममध्ये पुष्कळदा ऐकली. सहा महिन्यांत माझे दंड थोडे घट्ट झाले, एवढेच. तेही डंबेल उचलल्यामुळे.

या पावडरीची शिफारस मी कोणाला करीन? ज्याने दोन आठवडे खाणे मोजले, ताटात बदल करून पाहिला आणि तरीही ज्याची बेरीज कमी पडते, त्याला. मांस, मासे, अंडी काहीच न खाणाऱ्यांना डाळी-कडधान्यांतून प्रथिने वाढवताना बरोबर कर्बोदकेही वाढतात, त्यामुळे मर्यादित कॅलरींत बसवणे कठीण जाते. त्यांना एक स्कूप खरोखर मदत करतो. उतारवयात भूक मंदावलेल्या आणि स्नायू झपाट्याने झिजत असलेल्या व्यक्तींनाही डॉक्टरांना विचारून तो घेता येईल. ज्यांचा दिवस धावपळीत जातो आणि एक जेवण हमखास चुकते किंवा वडापावसारख्या तळलेल्या खाण्यावर भागवले जाते, त्यांच्यासाठी त्या खाण्याच्या जागी पाण्यातला शेक ही निःसंशय चांगली अदलाबदल आहे. बाकीच्यांनी पहिले तीन महिने तेच पैसे अंडी, दूध, डाळ आणि चांगल्या बुटांवर खर्च करावेत.

घ्यायचेच ठरले तर सर्वांत लहान पाकीट घ्यावे, कारण चव आणि पोट या दोन्हींची परीक्षा आठवड्याभरात होते आणि मोठा डबा परत करता येत नाही. झाकणाखालचे सील आणि मुदतीची तारीख तिथेच पाहावी, आणि ओला चमचा डब्यात घालू नये. माझ्याकडे सध्या एक किलोचा डबा आहे, त्यात तीस स्कूप बसतात. जिममधून थेट कामावर जायचे असते अशा आठवड्यातल्या तीन दिवशीच मी तो उघडते, त्यामुळे तो दोन महिन्यांहून अधिक पुरतो. उरलेल्या चार सकाळी गॅसवर अंडी उकडत असतात.